जुने घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गन: त्यांच्याबद्दल जे ऐकतो त्यातलं खरं किती?

मिरजेचा_मन्या

नमस्कार मंडळी. मी शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. शेजारच्या आजी घर विकून मुलीकडे राहायला गेल्या आणि जाता जाता त्यांचा ऑर्गन मला देऊन गेल्या, फुकट. "तू नाही नेलास तर कचऱ्याच्या ट्रकमध्ये जाईल" म्हणाल्या, मग राहवलं नाही. चौघांनी मिळून गराजमध्ये आणला, प्रचंड जड आहे. दोन मजली कीबोर्ड, खाली पायाने वाजवायच्या १३ लाकडी पट्ट्या, उजव्या पायाला गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखं एक पेडल, वर रंगीत टॅब (फ्लूट, व्हायोलिन, ट्रम्पेट, क्लॅरिनेट) आणि बाजूला वॉल्ट्झ, रुंबा वगैरे तालांची बटणं. मागची मॉडेलची पट्टी निघून गेलीय. १९७० च्या आसपास घेतला एवढंच आजींना आठवतं.

शनिवारी पॉटलकला लोक आले होते, त्यांनी बघून प्रत्येकाने एकेक सांगितलं. एक म्हणाला ते पेडल म्हणजे भाता, हलवत राहिलं नाही तर आवाज बंद पडेल. दुसरा म्हणाला आत टेप आहेत, व्हायोलिनचा टॅब दाबला की व्हायोलिनची टेप फिरते. तिसरी म्हणाली पियानोसारखा दर वर्षी ट्यूनर बोलवावा लागतो. आणि चौथा म्हणाला भारतात न्यायचा असेल तर व्होल्ट कमी करणारा एक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लाव, झालं काम.

यातलं खरं काय? भारतात न्यायचा आहे हे खरंच. बाबा मिरजेला असतात, ७४ चे आहेत, पन्नास वर्षं पेटी वाजवतात, आता हात दुखतो म्हणून भाता मारवत नाही.

आणि एक अडचण. काळी एक (सी शार्प) वाजतच नाही. वरच्या कीबोर्डवर नाही, खालच्यावर नाही, कुठल्याच सप्तकात नाही. बाकी सगळे सूर ठणठणीत. आणि बाबा गातात काळी एकमध्येच!

तात्या_ठाणेकर

सा सोडून सगळं आहे म्हणजे लग्नात नवरदेव सोडून सगळे आले. वाचतोय, जाणकार येऊ द्या.

खटपट्या

मन्या, ते पेडल भाता नाही रे. ते फक्त आवाज कमीजास्त करायचं, एक्स्प्रेशन पेडल म्हणतात. पट्टी जोरात दाबली तरी आवाज मोठा होत नाही या ऑर्गनमध्ये, पियानोसारखं नाही, पट्टी म्हणजे नुसता स्विच. दाबला की चालू, सोडला की बंद. म्हणून तो जोर पायात दिलाय. वाजवताना पाय त्यावर ठेवून ओळीबरोबर हळूहळू खालीवर करायचा असतो.

बाकीचं ओहमकार सांगतील, ते यातले माहितगार.

स्वरमंजिरी

खटपट्या, पण भात्याची समजूत अगदीच हवेतून नाही आलेली. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की जुन्या लोकांना संगीत नाटकाच्या साथीचा ऑर्गनच आठवतो, आणि तो पायानेच हवा भरून वाजायचा. माझ्या गुरुजींकडे होता, लहानपणी मी त्याखाली बसून पायटे हलवायची आणि ते वर वाजवायचे. ज्यांनी तो पाहिलाय ते दुसरा कुठलाही ऑर्गन पाहिला की पायाखाली भाता शोधणारच.

मडगावकर

स्वरमंजिरीताई, आमच्या आजोळच्या इगर्जीत (चर्चमध्ये) पण तसाच पायटे मारायचा ऑर्गन होता. त्यात एक गंमत आहे. आपली पेटी हवा बाहेर ढकलते, भात्यातली हवा दाबाने सुरांमधून जाते. ते अमेरिकन बनावटीचे रीड ऑर्गन बरोब्बर उलटे, ते हवा आत ओढतात. दोन्हीत धातूचे सूरच (रीड, हवेने थरथरणाऱ्या पट्ट्या), पण आवाज वेगळा, ऑर्गनचा जास्त गोल आणि मऊ. लोक सर्रास म्हणतात ऑर्गन म्हणजे मोठी पेटी, तसं नाही.

आणि मन्या, विजेवर चालतो म्हणजे इलेक्ट्रॉनिक असंही नसतं हां. अमेरिकेत मॅग्नसचे छोटे कॉर्ड ऑर्गन घरोघरी असायचे, इटलीत बोन्तेम्पीचे. त्यांना वायर असते, प्लग असतो, लोक त्यांना बिनधास्त इलेक्ट्रॉनिक ऑर्गन म्हणतात. आत काय? एक पंखा. पंखा हवा मारतो आणि सूर वाजतात. म्हणजे भाता मारायला मोटर ठेवलेली पेटी, बाकी काही नाही. चालू केला की आधी घूंऽऽ असा पंख्याचा आवाज येतो, तीच त्याची खूण.

मिरजेचा_मन्या

माझ्यात पंख्याचा आवाज अजिबात नाही. चालू केल्यावर हलका हम् येतो फक्त.

कोथरूडचा_बाबू

स्टेपडाउन लाव झालं काम असं जो म्हणाला त्याला माझी गोष्ट सांगा.

मी १९९८ ला न्यू जर्सीहून परत आलो तेव्हा हॅमंड कंपनीचा एम-३ ऑर्गन कंटेनरमध्ये घालून आणला. तो छोटा, घरगुती, दोन कीबोर्डवाला. पुण्यात आल्यावर ११० व्होल्टचा चांगला जाडजूड ट्रान्सफॉर्मर लावला, स्टार्टचा खटका धरला, मग रनचा, ऑर्गन सुरू झाला, मी आनंदाने वाजवायला बसलो तर सगळं खाली! काळी दोन दाबली तर पांढरी एक ऐकू येतेय, तीही थोडी उतरलेली. पहिले दोन दिवस मला वाटलं प्रवासात आपटला म्हणून बिघडला. मी खोलून बसलो, आत काही मोडलेलं नाही. मग एका जुन्या रेडिओवाल्या काकांनी एका वाक्यात सांगितलं, अरे बाबा, व्होल्ट बदललेस, सायकल्स कुठे बदलल्यास?

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. हॅमंडमधली मोटर विजेच्या सायकल्सना बांधलेली असते, व्होल्टशी तिचं घेणंदेणं नाही. सायकल्स कमी झाल्या की मोटर त्याच प्रमाणात हळू, आणि मोटर हळू की सगळे सूर खाली. ट्रान्सफॉर्मर सायकल्स बदलत नाही. तीन अर्धस्वर आणि वर थोडं, एवढं उतरलं सगळं.

त्यात तेव्हा आपल्याकडे ग्रिड पण स्थिर नव्हतं. संध्याकाळी लोड वाढला की फ्रिक्वेन्सी ५० वरून घसरायची, ४८ पर्यंत जायची कधीकधी. रात्री अकराला जो सूर लागायचा तो संध्याकाळी सातला आणखी उतरलेला असायचा, तबला लावून बसलेला आमचा मित्र वैतागायचा. २००२-०३ च्या सुमारास विजेच्या दराची पद्धत बदलली आणि मग फ्रिक्वेन्सी बरीच ताळ्यावर आली. शेवटी मी मोटरसाठी ६० हर्ट्झ देणारा वेगळा इन्व्हर्टर लावला तेव्हा सुटलो.

छिद्रान्वेषी

बाबू, एक शंका. इलेक्ट्रॉनिक वस्तूत मोटरचा सुराशी संबंध कसा? टर्नटेबल असेल तर समजू शकतो. हॅमंडमध्ये व्हॉल्व्ह असतात आणि सूर व्हॉल्व्हमधून येतो असंच मी आजवर वाचलंय. म्हणून तर "व्हॉल्व्हचा गरम आवाज" म्हणतात ना?

ओहमकार

थांबा, इथेच सगळा घोळ आहे, थोडं सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

"जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन" हे एका यंत्राचं नाव नाही. बाहेरून सगळे सारखे दिसतात, लाकडी खोकं, दोन कीबोर्ड, खाली पेडल. पण आत सूर जन्माला येतो कुठे, हे प्रत्येक जातीत वेगळं. जी समजूत एका जातीला खरी ती दुसरीला साफ खोटी, म्हणून लोक आयुष्यभर भांडत बसतात आणि दोघंही आपापल्या ऑर्गनपुरते बरोबर असतात.

हॅमंड घ्या. लॉरेन्स हॅमंड शिकागोचा, त्याचा धंदा विजेच्या घड्याळांचा. ती घड्याळं विजेच्या सायकल्स मोजून चालायची, तीच सिंक्रोनस मोटर त्याने ऑर्गनमध्ये घातली. १९३४ चं पेटंट, १९३५ ला पहिला ऑर्गन बाजारात. मोटर एक दांडा फिरवते, दांड्यावर गिअर, गिअरला जोडलेली रुपयाच्या नाण्याहून मोठी लोखंडी चाकं. मोठ्या मॉडेलमध्ये अशी ९१ चाकं. चाकाच्या कडेला उंचवटे, आणि समोर एक चुंबकाची कांडी, तिच्यावर तारेचं वेटोळं. उंचवटा जवळून गेला की वेटोळ्यात बारीक वीज येते. चाक कांडीला लागत नाही, घासत नाही, आवाजही करत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचंच तत्त्व, तारेऐवजी चाक.

हिशोब बघा किती सुंदर आहे. मोटर सेकंदाला २० फेरे. मधल्या ए साठी गिअर ८८ ला ६४ आणि चाकावर १६ उंचवटे. २० × ८८ ÷ ६४ × १६ = बरोब्बर ४४०. आता पुण्याच्या ५० हर्ट्झवर तीच मोटर सेकंदाला १६ आणि काही, तर ए येतो ३६६.६७ वर. बाबूची काळी दोन पांढरी एक का झाली ते इथे कळतं.

व्हॉल्व्ह असतात, पण ते पुढे, आवाज मोठा करायला. सूर तयार व्हायचं काम त्यांच्याकडे नाही. हॅमंडनेच १९३९ ला नोव्हाकॉर्ड नावाचं वाद्य काढलं होतं, त्यात मात्र खरंच १६३ व्हॉल्व्ह होते आणि सूर त्यांच्यातूनच यायचा, चाकं नाहीत. म्हणजे छिद्रान्वेषी, तुम्ही वाचलंत ते कुठेतरी खरं आहे, फक्त त्या जातीला.

मन्या, तुझा हॅमंड नाही असं मला वाटतं. नऊ ओढायच्या काड्या आहेत का? ड्रॉबार? आणि स्टार्ट-रन असे दोन खटके?

मिरजेचा_मन्या

काड्या नाहीत, फक्त टॅब. चालू करायचा एकच खटका, दाबला की लगेच वाजतो, थांबावं लागत नाही.

छिद्रान्वेषी

पटलं ओहमकार, चुकीचं डोक्यात होतं. पण मग हॅमंडला इलेक्ट्रॉनिक म्हणायचं की नाही? चाकं फिरतात म्हणजे मेकॅनिकल झालं.

ओहमकार

मी इलेक्ट्रोमेकॅनिकल म्हणतो. आणि "ऑर्गन" म्हणायचं की नाही यावर तर तिथे सरकारी चौकशी झालीय. हॅमंडच्या जाहिरातीत पाइप ऑर्गनची बरोबरी करतो असा दावा होता, त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९३७ ला आक्षेप घेतला. शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये खरा पाइप ऑर्गन आणि हॅमंड दोन्ही आडून वाजवले आणि ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. सुमारे एक तृतीयांश वेळा लोक चुकले. तरी १९३८ ला कमिशनने पाइप ऑर्गनची बरोबरी करणारे दावे थांबवायला सांगितलं. ऑर्गन हे नाव मात्र राहिलं.

न्यूजर्सीची_निशा

ड्रॉबारचा विषय निघालाच आहे तर, ते इक्वलायझर असतात ना? बास-ट्रेबलसारखे? आमच्या इथल्या चर्चमधला मुलगा तसंच सांगत होता.

ओहमकार

नाही निशाताई. इक्वलायझर असलेल्या आवाजातलं काहीतरी कमीजास्त करतो. ड्रॉबार आवाज बनवतो. एका चाकाचा सूर अगदी साधा, पीठ मळायच्या आधीचं नुसतं पीठ. एक पट्टी दाबली की नऊ वेगवेगळ्या चाकांचे सूर घ्यायची सोय असते, कुठला किती ते काडी किती ओढली त्यावर, शून्य ते आठ. मूळ सूर, त्याच्या वरचं सप्तक, त्यावरचा पंचम, असे एकेक उपस्वर घालत जायचे.

आणि पट्टी दाबताना जो बारीक टक् असा आवाज येतो ना हॅमंडमध्ये, तो या नऊ संपर्कांचाच, ते सगळे एका क्षणी जुळत नाहीत. इंजिनियर मंडळी त्याला दोष समजून घालवायला बघत होती. वाजवणाऱ्यांना तोच आवडला.

स्वरमंजिरी

ओहमकार, हे वाचून मला तानपुरा आठवला. खर्जाची तार छेडली, जवारी नीट लागली असली की वर गंधार ऐकू येतो, कोणी न वाजवता. स्वयंभू गंधार म्हणतो आपण. मग हॅमंडच्या त्या काड्यांमध्ये गंधाराची काडी असणार?

ओहमकार

आहे! आठ फुटांची काडी मूळ सूर धरली तर एक पूर्णांक तीन पंचमांश फूट असं लिहिलेली काडी म्हणजे पाचवा उपस्वर, तोच तुमचा गंधार. पण ऐका, तो तानपुऱ्यासारखा स्वयंभू नाही. हॅमंड त्यासाठी वेगळं चाक ठेवत नाही, कीबोर्डच्या गंधाराचंच चाक उसनं घेतो. आणि कीबोर्डचा गंधार समस्वरी (सप्तकाचे बारा सारखे भाग केलेला), तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा, सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. पंचमाच्या काडीत फरक जेमतेम २ सेंट, तो कळत नाही. गंधाराची काडी पूर्ण ओढली तर तुमच्यासारख्या कानाला लगेच खुपेल. सातवा उपस्वर तर त्या नऊत नाहीच.

स्वरमंजिरी

म्हणजे मी ज्यासाठी पेटीवर चिडते तेच इथे आतपर्यंत शिरलंय. पेटीचा सूर निदान कानसीने घासून उतरवता तरी येतो, मी माझी गंधार-ट्यून करून घेतलीय. यात चाक कसं घासणार!

तात्या_ठाणेकर

अवांतर: विजेच्या वाद्यांवरून आठवलं. १९५४ च्या नागिनमधली बीन. आमच्या आजीला शेवटपर्यंत खात्री होती की गारुडी आणून बसवला होता.

खटपट्या

तात्या, आजींचीच नाही, निम्म्या भारताची ती समजूत. ती बीन कल्याणजींनी क्लॅव्हियोलिनवर वाजवलेली, कल्याणजी-आनंदजींमधले. क्लॅव्हियोलिन म्हणजे फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिनचं, १९४७ चं. छोटा कीबोर्ड, पियानोला खाली अडकवता यायचा, आत व्हॉल्व्ह. एका वेळी एकच सूर वाजतो, दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच. बीनेला काय, एकच सूर पुरतो. लोकांना वाटतं कीबोर्ड आहे म्हणजे कॉर्ड वाजणारच, तसं नाही.

न्यूजर्सीची_निशा

हे मला माहीतच नव्हतं!! आईला फोन करून सांगते.

बरं मन्याच्या टेपवाल्या मित्राचं काय?

ओहमकार

हो, तेच राहिलं. मन्या, तुझ्या ऑर्गनच्या जातीत टेप नाही. व्हायोलिन असं टॅबवर लिहिलंय पण आत व्हायोलिन कुणी वाजवलेलं नाही. आत एकच कच्चा सूर असतो, करवतीच्या दातांसारखा किंवा चौकोनी तरंग, उपस्वरांनी भरलेला, कानाला कर्कश. टॅब म्हणजे चाळणी. एका चाळणीने वरचे उपस्वर जवळजवळ सगळे काढले की फ्लूट. मधला एक पट्टा उचलला की ट्रम्पेटसारखं. चौकोनी तरंगात सम उपस्वर नसतात, क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांत पण ते क्षीणच असतात, म्हणून तो टॅब सगळ्यांत पटण्यासारखा वाजतो. व्हायोलिन सगळ्यांत फसवं, कारण व्हायोलिनचं व्हायोलिनपण गजाच्या सुरुवातीत असतं, ते चाळणीत येत नाही.

तालाचंही तसंच. त्यात ड्रम रेकॉर्ड केलेला नाही. ढोलाच्या ठोक्यासाठी एक सर्किट असतं, त्याला टिचकी मारली की घुमून विरतं, घंटेसारखं. झांजेसाठी ट्रान्झिस्टरची खरखर चाळून घेतात. कुठला ठोका कधी हे डायोडच्या जाळीत बांधलेलं. वुर्लिट्झरचा साइडमन म्हणून १९५९ चा तालाचा डबा होता, त्यात तर एक दांडी गोल चकतीवर फिरून एकेका ठोक्याचा संपर्क लावायची. आवाज तिथेही व्हॉल्व्हचाच, रेकॉर्डिंग नाही.

मडगावकर

ओहमकार, एक दुरुस्ती सुचवू? रेकॉर्डिंगवाले ऑर्गन होते की. मॅटेलचा ऑप्टिगन, १९७१. बाहुल्या करणारी तीच मॅटेल. त्यात फिल्मसारखी पारदर्शक चकती घालायची, तिच्यावर खऱ्या वाद्यांचे आवाज प्रकाशाच्या रेघांत छापलेले, एकात एक ५७ वर्तुळं. दिवा आणि प्रकाश ओळखणारे डोळे ते वाचायचे. मेलोट्रॉनमध्ये तर प्रत्येक पट्टीखाली खरीच टेप. मन्याच्या मित्राने बहुतेक त्यातलं काहीतरी पाहिलं असणार.

ओहमकार

अगदी बरोबर, मी फक्त मन्याच्या जातीबद्दल लिहिलं होतं. आणि मित्र खोटं बोलत नव्हता, वेगळ्या जातीबद्दल बोलत होता, हे मला आवडलं.

छिद्रान्वेषी

आता माझी पाळी, एक समजूत मी मोडतो. हॅमंडला जोडतात तो लेस्ली स्पीकर. सगळे म्हणतात त्यात स्पीकर गरगर फिरतो. फिरत नाही! वरचा ड्रायव्हर जागेवर, फिरतो तो कर्णा. आणि दोन कर्णे दिसतात त्यातला एकच वाजतो, दुसरा बंद, तोल सांभाळायला ठेवलेला. खालचा मोठा स्पीकर पण जागेवर, त्याच्या खाली एक पिंप फिरतं. कर्णा आपल्याकडे येताना सूर किंचित चढतो, जाताना उतरतो, रेल्वेच्या शिट्टीसारखं. डॉन लेस्लीने १९४० च्या सुमारास केला, हॅमंड कंपनीचा नव्हेच तो.

खटपट्या

शाब्बास. पण अ‍ॅलन कंपनीच्या जायरोफोनिकमध्ये खरोखरच स्पीकर चकतीवर बसवून फिरवायचे हां. तेव्हा "सगळे" म्हणतात ते पण कुठेतरी खरं.

छिद्रान्वेषी

मला कोणीच एक वाक्य पूर्ण जिंकू देत नाही इथे :)

कोथरूडचा_बाबू

मन्याचा काळी एकचा प्रश्न बाजूलाच राहिला. माझा सल्ला, सगळे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) बदलून टाक. ५० वर्षं झाली, सगळे गेलेले असणार. इंटरनेटवर सगळे तेच सांगतात.

ओहमकार

बाबू, इथे मी कडाडून विरोध करतो, रागावू नका.

"जुनं आहे, सगळे कपॅसिटर बदला" या एका वाक्याने मी चांगले ऑर्गन मेलेले पाहिलेत. पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलायटिक सुकतात, हम् वाढतो, ते बदलायला हरकत नाही. पण सूर ज्या कपॅसिटर आणि कॉइलच्या जोडीवर ठरतो ते कपॅसिटर टिकाऊ असतात आणि त्यांना हात लावला की सूर हललाच. गरज नसताना शंभर जागी सोल्डर केलं की पन्नास नवे बिघाड आपणच तयार करतो. आधी रोग, मग औषध.

आणि मन्याने रोग स्वतःच सांगितलाय, पहिल्याच पोस्टमध्ये. काळी एक सगळ्या सप्तकांत, दोन्ही कीबोर्डवर बंद. पियानोत असं होऊच शकत नाही, तिथे प्रत्येक काळी एकची तार वेगळी. पेटीत पण नाही, प्रत्येकीचा सूर वेगळा. इथे झालं, कारण या जातीत काळी एकचं मूळ एकच आहे. आत बारा ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी सर्किटं, असतात, सा रे ग म चे बारा, फक्त सगळ्यांत वरच्या सप्तकाचे. खालची सप्तकं स्वतंत्र नसतात. वरच्या सुराची कंपनं निम्मी केली की खालचं सप्तक, पुन्हा निम्मी की त्याखालचं. दोनाने भागत भागत खर्जापर्यंत. मूळ आटलं की खालचे सगळे पाट कोरडे.

तेव्हा असं बघायचं: एकच पट्टी मुकी असेल तर तिचा संपर्क मळलाय. एका ठरावीक सप्तकापासून खाली सगळं बंद असेल तर भागणारा गेलाय. वरपासून खालपर्यंत सगळं बंद तर मूळ ऑसिलेटर.

आणि याच कारणाने दर वर्षी ट्यूनरचं पण खरं नाही. फक्त बारा जागा लावायच्या असतात, त्या लावल्या की सगळी सप्तकं आपोआप जुळतात, आणि वर्षानुवर्षं हलत नाहीत. कॉन कंपनी मात्र बऱ्याच ऑर्गनमध्ये प्रत्येक पट्टीला वेगळा ऑसिलेटर द्यायची, तिथे ट्यूनिंग हे मोठं काम. आणि सत्तरच्या दशकात पुढे तर बाराही गेले, एकच वीस लाख हर्ट्झचं घड्याळ आणि एक चिप, ती त्याला २३९, २५३, २६८, २८४ अशा आकड्यांनी भागून बाराही सूर काढायची. तिथे एक सूर एकटा बेसूर होऊच शकत नाही.

कोथरूडचा_बाबू

रागावत कसला, पटलं. माझ्या एम-३ मध्ये सगळे बदलायच्या बेतात होतो, थांबतो.

स्वरमंजिरी

ओहमकार, एक मिनिट!! बारा ऑसिलेटर वेगवेगळे, प्रत्येक वेगळा लावता येतो, आणि एक हलवला की त्याची सगळी सप्तकं हलतात? मग मन्याच्या ऑर्गनमध्ये गंधार उतरवता येईल की! पेटीत मला प्रत्येक सप्तकातला सूर वेगळा घासून घ्यावा लागतो.

ओहमकार

येईल. हे माझ्या इतक्या वर्षांत डोक्यात आलं नव्हतं ताई. हॅमंडमध्ये गिअर, चिपवाल्यात ठरलेले आकडे, दोन्हीत अशक्य. इतक्या सहज फक्त मधल्या पिढीच्या या बारा ऑसिलेटरवाल्यांत शक्य आहे. अर्थात एकाच सा साठी, सा बदलला की गणित मोडेल.

मन्या, भारतात नेण्याचं पण सांगून टाकतो. या जातीत सूर कॉइलवर ठरतो, विजेच्या सायकल्सशी संबंध नाही, त्यामुळे तुझ्या मित्राचं स्टेपडाउन तुझ्यापुरतं बरोबर आहे. जरा मोठा घे, आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर थोडा जास्त तापतो. आत फिरणारा स्पीकर वगैरे असेल तर तो मात्र हळू फिरेल.

मागची फळी काढ, पण आधी प्लग काढून ठेव आणि बराच वेळ जाऊ दे, मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. बारा सारखी कार्डं दिसतात का बघ.

मिरजेचा_मन्या

उशिरा लिहितोय, दोन आठवडे गेले. शनिवारी उघडला. बारा कार्डं आहेत! प्रत्येकावर सुराचं अक्षर छापलंय. सी शार्पचं कार्ड आणि शेजारचं डी चं कार्ड भिंगाने शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर सी शार्पच्या कॉइलच्या पायाशी सोल्डरला गोल चीर. ड्राय सोल्डर. पुन्हा सोल्डर केला, कार्ड बसवलं, चालू केला, काळी एक आली. दोन्ही कीबोर्डवर, वरपासून खालपर्यंत, एकदम सगळ्या. मी गराजमध्ये एकटाच ओरडलो.

तात्या_ठाणेकर

नवरदेव आले! वाखु (वाचनखूण) साठवलीय या धाग्याची.

खटपट्या

जबरदस्त मन्या. सूर बरोबर लागलाय का पण? कॉइल हलली असेल तर थोडा इकडेतिकडे जातो.

मिरजेचा_मन्या

थोडा चढा होता. कॉइलच्या मधला बोल्ट स्क्रूड्रायव्हरने फिरवत होतो, लागायचा, स्क्रूड्रायव्हर काढला की पुन्हा बदलायचा, अर्धा तास गेला.

ओहमकार

लोखंडी स्क्रूड्रायव्हर कॉइलमध्ये घातला की तोच सूर बदलतो. प्लॅस्टिकचा घ्यायचा, नाहीतर विणायच्या प्लॅस्टिकच्या सुईचं टोक चपटं घासून.

मिरजेचा_मन्या

तसंच केलं, आईची सुई होती घरात. काल बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ऑर्गनसमोर ठेवला. बाबांनी तिकडे तानपुरा लावला, इकडे मी फिरवत होतो, ते "उतरव... उतरव... थांब" म्हणाले आणि लागला. मग मला सारेगम वाजवायला सांगितलं. मी सावकाश वाजवलं. बाबांना या धाग्यातलं मी काहीही सांगितलेलं नाही, ते इंटरनेट वाचत नाहीत. गंधारावर आले आणि म्हणाले, "पांढरी चार चढी आहे रे. ती पण उतरव." पांढरी चार म्हणजे एफ.

आता एफ चं कार्ड काढून बसलोय. ताई, किती उतरवू?

स्वरमंजिरी

मोजू नकोस. पुन्हा कॉल लाव, सा धरून ठेव, गंधार हळूहळू खाली आण आणि बाबा थांब म्हणतील तिथे थांब.

ओहमकार

आणि फिरवण्याआधी बोल्टच्या डोक्यावर आणि कॉइलच्या कडेला मार्करने एक रेघ मार, मूळ जागेची. कोणाला काळी चारमध्ये गायचं असेल त्या दिवशी परत यायला.